ठिपक्यांतून वाचलेला इतिहास : दामोदर कोसंबींचे नाणकसंशोधन आणि विकीर्ण आलेखाचा विवेक

प्रस्तावना

इतिहासलेखनात संख्येचे स्थान कोणते, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे बहुधा दोन टोकांवरून दिले जाते. एका बाजूस संख्येला केवळ परिशिष्टातील तक्त्यांपुरते स्थान देणारे अभ्यासक आहेत, तर दुसऱ्या बाजूस संगणकाने काढून दिलेल्या आलेखालाच निष्कर्ष मानणारे. या दोन्ही भूमिकांमध्ये संख्या आणि अर्थ यांच्यामधला दुवा निसटतो. तो दुवा म्हणजे सामग्री डोळ्यांसमोर मांडून ती वाचण्याची शिस्त होय. प्रस्तुत लेखात ‘विकीर्ण आलेख’, म्हणजे वर्गात ज्याला आपण स्कॅटर डायग्रॅम किंवा स्कॅटर चार्ट म्हणतो, त्या साध्या साधनाच्या आधारे या शिस्तीचा विचार करावयाचा आहे.

या विवेचनासाठी पुण्यातच घडलेले एक संशोधन आधारभूत मानले आहे. गणितज्ञ व इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६) यांनी प्राचीन आहत नाण्यांच्या वजनांवरून केलेला अभ्यास हा दोन मोजमापांमधील संबंधातून इतिहास वाचण्याचा भारतातील एक आद्य व धाडसी प्रयत्न होता. त्याच्या जोडीला, अशाच संख्यात्मक साधनांचा माणसांच्या बाबतीत झालेला गैरवापर आणि त्याला महाराष्ट्रातील अभ्यासकांनी दिलेले उत्तर यांचाही परामर्श घेतला आहे. संत तुकाराम नगर आणि एकूणच पिंपरी-चिंचवड परिसरातील महाविद्यालयांतून वाणिज्य, विज्ञान, व्यवस्थापन व अभियांत्रिकीचे विद्यार्थी दर वर्षी प्रकल्प अहवालांत असे आलेख काढतात. त्यांना मार्गदर्शन करणाऱ्या प्राध्यापकवर्गास हा इतिहास उपयुक्त ठरावा, अशी अपेक्षा आहे.

विकीर्ण आलेखाची पूर्वपीठिका

आलेखांच्या इतिहासात विल्यम प्लेफेअर याचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. १७८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात इंग्लंडच्या व्यापाराचे कालानुसारी रेखालेख होते आणि स्तंभालेखही होता. वृत्तालेख त्याने १८०१ मध्ये वापरला. मात्र विकीर्ण आलेख त्याच्याकडे आढळत नाही. याचे कारण विचार करण्यासारखे आहे. आयात-निर्यातीचे आकडे एकामागून एक येणाऱ्या वर्षांचे असतात आणि ते रेषेने जोडणे स्वाभाविक असते. विकीर्ण आलेखात ठिपके जोडले जात नाहीत. प्रत्येक ठिपका म्हणजे एक स्वतंत्र वस्तू, व्यक्ती किंवा निरीक्षण असते आणि अर्थ असतो तो त्यांच्या समूहाच्या आकाराला.

या दिशेने पहिले स्पष्ट पाऊल खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल याने १८३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या द्वैती ताऱ्यांवरील निबंधात टाकले, असे आलेखांच्या इतिहासाचे अभ्यासक मानतात. त्याने एका अक्षावर निरीक्षणाचे वर्ष आणि दुसऱ्या अक्षावर ताऱ्यांच्या परस्पर स्थितीचा कोन घेतला. निरीक्षणे सदोष असणार हे गृहीत धरून त्याने ठिपके एकमेकांस जोडले नाहीत, तर त्यांच्या समूहामधून एक सलग वक्ररेषा हाताने काढली. कोणतेही एक निरीक्षण पूर्णतः खरे नसले तरी त्यांच्या समूहात सत्याची दिशा असते, ही कल्पना येथे प्रथम चित्ररूपात आली.

फ्रान्सिस गाल्टन याने १८८६ मध्ये २०५ दांपत्ये आणि त्यांची ९२८ प्रौढ अपत्ये यांच्या उंचीचा अभ्यास मांडला. आईवडिलांच्या उंचीची सरासरी एका दिशेस आणि अपत्यांची उंची दुसऱ्या दिशेस अशी मांडणी केल्यावर समान संख्येच्या चौकटी लंबवर्तुळाकार पसरतात, हे त्याच्या लक्षात आले. यातूनच समाश्रयणाची आणि पुढे सहसंबंधाची संकल्पना विकसित झाली. कार्ल पिअर्सन याने १८९६ मध्ये सहसंबंध गुणकाला गणिती रूप दिले. हे साधन जन्मतः निरागस नव्हते, हेही येथे नोंदविणे आवश्यक आहे. गाल्टन आणि पिअर्सन हे दोघेही मानववंश ‘सुधारण्याच्या’ कल्पनेचे पुरस्कर्ते होते. त्या वारशाचे पडसाद हिंदुस्थानात कसे उमटले, हे पुढे पाहू.

कोसंबी आणि आहत नाणी

गोव्यात जन्मलेले आणि हार्वर्ड विद्यापीठात शिकलेले कोसंबी १९३० च्या दशकाच्या आरंभी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापक झाले. पुढे १९४० च्या दशकाच्या मध्यापासून १९६२ पर्यंत ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. संख्याशास्त्र त्यांनी पुस्तकी पद्धतीने न शिकता प्रत्यक्ष प्रश्न हाताळून आत्मसात केले. महाविद्यालयीन परीक्षांतील गुण हा त्यांनी आरंभी हाताळलेल्या प्रश्नांपैकी एक होता, ही गोष्ट अध्यापकवर्गास रोचक वाटेल. दुसरा प्रश्न होता आहत नाण्यांचा. त्यावरील त्यांचे लेख १९४० पासून ‘करंट सायन्स’ व अन्य नियतकालिकांतून येऊ लागले. १९४१ मध्ये चांदीच्या आहत नाण्यांच्या वजनमापनावरील त्यांचा विस्तृत निबंध प्रसिद्ध झाला आणि फेब्रुवारी १९६६ मध्ये, मृत्यूच्या काही महिने आधी, ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकात त्यांनी हा विषय सर्वसामान्य वाचकांसमोर मांडला.

आहत नाणी म्हणजे चांदीचा पत्रा कापून, वजन जुळवून, त्यावर निरनिराळ्या छापण्यांनी ठोकलेली नाणी. त्यांवर राजाचे नाव नाही, वर्ष नाही, लेखही नाही. पुढील बाजूस बहुधा पाच चिन्हे असतात. सूर्य, टेकडी, प्राणी, वृक्ष अशी त्यांची रूपे आहेत. मागील बाजू काही नाण्यांवर कोरी असते, तर काहींवर एक, दोन किंवा त्याहून अधिक बारीक ठसे आढळतात. कार्षापणाचे प्रमाण वजन बत्तीस रत्तींचे, म्हणजे आजच्या मापाने साधारणतः साडेतीन ग्रॅमच्या आसपास मानले जाते. नाव आणि काळ या दोहोंच्या अभावी या नाण्यांचा क्रम कसा लावावयाचा, हा नाणकशास्त्रापुढील कूट प्रश्न होता. बहुतेक अभ्यासकांनी चिन्हांचा अर्थ लावण्यावर भर दिला. एखादे चिन्ह सूर्यवंशाचे, एखादे अमुक नगराचे, अशा ओळखी सुचविल्या गेल्या. मात्र त्यांची पडताळणी करण्यास कोणतेही स्वतंत्र साधन नव्हते.

कोसंबींनी चिन्हांचा अर्थ तूर्त बाजूस ठेवला आणि नाण्याचे वजन हा पुरावा मानला. त्यामागील विचार बाजारात वावरणाऱ्या कोणालाही पटण्याजोगा आहे. नाणे हातोहात फिरते तसे ते झिजते. प्रत्येक व्यवहारात जाणारी चांदी नगण्य असते, परंतु वर्षानुवर्षांच्या चलनानंतर ती तराजूला जाणवते. टाकसाळीतून एकाच वेळी बाहेर पडलेली नाणी आरंभी जवळजवळ सारख्या वजनाची असतात. चलनात आल्यावर त्यांचे सरासरी वजन घटत जाते. त्याचबरोबर काही नाणी अधिक फिरतात आणि काही पेटीत पडून राहतात, म्हणून त्यांच्या वजनांतील परस्पर तफावत वाढत जाते. कोसंबींनी ही गोष्ट गृहीत धरून सोडून दिली नाही. ज्यांवर वर्ष छापलेले आहे अशी आधुनिक नाणी त्यांनी चलनातून घेऊन तराजूवर तोलली आणि झिजेचा नियम पडताळून पाहिला. १९४२ मधील त्यांचा ‘करंट सायन्स’मधील लेख धातूच्या चलनाच्या वजनावर अभिसरणाचा काय परिणाम होतो, याच विषयावर आहे. ज्ञात काळाच्या वस्तूंवर साधनाची परीक्षा करून मग ते अज्ञात काळाच्या वस्तूंकडे न्यावयाचे, हा क्रम लक्षणीय आहे.

प्राचीन नाण्यांसाठी त्यांना मुख्य आधार मिळाला तो तक्षशिलेच्या भीर टेकाडातील नाणेनिधींचा. त्यांतील एका निधीत हजाराहून अधिक आहत नाणी होती आणि त्यांच्यासोबत अलेक्झांडर व फिलिप अऱ्हिडायस यांची नाणी सापडल्यामुळे तो निधी इसवी सनपूर्व चौथ्या शतकाच्या अखेरीस पुरला गेला असावा, असे ठरविता आले. दुसऱ्या निधीत डायोडोटसच्या काळातील नाणे असल्याने तो इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकाच्या मध्याकडे जातो. या नाण्यांचा तपशील ई. एच. सी. वॉल्श यांनी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या १९३९ मधील ग्रंथात नाण्यागणिक वजन व ठसे यांसह प्रसिद्ध केला होता. वॉल्श यांचे निष्कर्ष कोसंबींना मान्य नव्हते. परंतु सामग्री संपूर्ण छापली गेली होती, म्हणूनच दुसऱ्या अभ्यासकाला तिचे वेगळे वाचन करणे शक्य झाले. केवळ सरासरी आकडे छापले असते, तर हा वाद उभाच राहिला नसता.

ठसे आणि वजन : एका संबंधाचे वाचन

आता या सामग्रीची मांडणी विकीर्ण आलेखाच्या रूपात करून पाहू. क्ष-अक्षावर मागील बाजूच्या ठशांची संख्या आणि य-अक्षावर नाण्याचे वजन घेतले असता प्रत्येक नाणे म्हणजे एक ठिपका होईल. पूर्वीच्या निधीच्या बाबतीत कोसंबींना आढळलेली गोष्ट अशी की, ठशांची संख्या जसजशी वाढते तसतसे सरासरी वजन नियमितपणे उतरत जाते.

येथेच वाचकाची कसोटी लागते. ठसे वाढले आणि वजन घटले, तेव्हा ठशांमुळे वजन घटले असे म्हणावयाचे काय? ठसा उमटविताना धातू दबतो व सरकतो, तो काढून घेतला जात नाही. म्हणून ठसा हे वजनघटीचे कारण असू शकत नाही. दोन्ही गोष्टींच्या मागे तिसरी गोष्ट उभी आहे आणि ती म्हणजे चलनातील काळ. नाणे जितका अधिक काळ फिरले तितके ते झिजले आणि तितक्याच अधिक वेळा ते तपासणाऱ्याच्या हाती गेले. यावरून कोसंबींनी असा निष्कर्ष काढला की, मागील ठसे ही लहरीप्रमाणे केलेली खूण नसून नाण्याची ठरावीक कालांतराने झालेली पारख आहे. ‘सहसंबंध म्हणजे कार्यकारणसंबंध नव्हे’ हे वाक्य आपण वर्गात नेहमी उच्चारतो. परंतु कारण नसलेला सहसंबंधदेखील निरुपयोगी नसतो, हे या उदाहरणातून दिसते. ठसे हे झिजेचे कारण नसूनही ते काळाचे घड्याळ ठरले. नाणी पारखणाऱ्या ‘रूपदर्शक’ नामक अधिकाऱ्याचा उल्लेख कौटिलीय अर्थशास्त्रात येतो, हे ध्यानात घेतल्यास अशी नियमित पारख त्या समाजाला अपरिचित नव्हती, असे म्हणता येते.

दोन्ही निधींच्या तुलनेतून आणखी एक गोष्ट पुढे आली. पूर्वीच्या निधीतील नाण्यांची वजने काटेकोर जुळविलेली होती. नंतरच्या, मौर्यकालीन नाण्यांत वजनांची तफावत अधिक होती आणि चांदीत तांब्याचे मिश्रणही वाढलेले होते. कोसंबींनी याचा संबंध मौर्य राज्यव्यवस्थेवर पडलेल्या आर्थिक ताणाशी जोडला. हा अर्थ सर्वांनी स्वीकारलाच पाहिजे असे नाही. परंतु ठिपक्यांचा मध्य कोठे आहे याबरोबरच ते किती पसरले आहेत हाही ऐतिहासिक पुरावा असतो, ही दृष्टी मोलाची आहे.

या उदाहरणावरून विकीर्ण आलेखाच्या परिणामकारक वापराची काही पथ्ये निश्चित करता येतात.

पहिले पथ्य अक्षांविषयीचे. आधाराचे चल क्ष-अक्षावर आणि ज्याचे स्पष्टीकरण हवे ते चल य-अक्षावर घ्यावे. ही केवळ औपचारिकता नव्हे. वजनावरून ठशांचा अंदाज करणारी रेषा आणि ठशांवरून वजनाचा अंदाज करणारी रेषा या दोन भिन्न रेषा असतात, हे गाल्टनच्याच काळात स्पष्ट झाले होते. तसेच स्तंभालेखाप्रमाणे येथे य-अक्ष शून्यापासून सुरू करण्याची सक्ती नाही. सव्वातीन ते साडेतीन ग्रॅमच्या दरम्यान असणारी वजने शून्यापासूनच्या अक्षावर मांडली, तर सारे ठिपके वरच्या कडेला एका पट्टीत दाटतील आणि झीज दिसणारच नाही. मात्र अक्ष कोठून सुरू होतो हे आकड्यांनी स्पष्ट दाखविले पाहिजे.

दुसरे पथ्य दाटीविषयीचे. ठशांची संख्या पूर्णांकात असल्याने ठिपके उभ्या पट्ट्यांत एकावर एक पडतात. पन्नास नाणी आणि पाच नाणी डोळ्यांना सारखीच दिसू लागतात. अशा वेळी पोकळ वर्तुळे वापरणे, ठिपके आडव्या दिशेने किंचित विलग करणे किंवा प्रत्येक पट्टीखाली नाण्यांची संख्या लिहिणे हे उपाय आहेत. अधिक ठशांची नाणी थोडी असतील तर त्यांच्या सरासरीवर कमी विश्वास ठेवावा लागतो आणि ही गोष्ट आलेखातच दिसली पाहिजे.

तिसरे पथ्य भिन्न समूह एकत्र न मिसळण्याचे. कल्पित उदाहरण घेऊ. समजा, एका निधीत ठसे नसलेल्या नाण्यांचे सरासरी वजन ३.४५ ग्रॅम आणि सहा ठशांच्या नाण्यांचे ३.३३ ग्रॅम आहे. दुसऱ्या निधीत चार ठशांच्या नाण्यांचे वजन ३.५० आणि दहा ठशांच्या नाण्यांचे ३.३८ ग्रॅम आहे. दोन्ही निधींत प्रत्येक ठशामागे घट ०.०२ ग्रॅमचीच आहे. परंतु चारही ठिपके एकत्र करून एकच रेषा काढली, तर ती घट ०.०१ ग्रॅम, म्हणजे निम्मीच भासते. दोन टाकसाळी, दोन प्रमाण वजने आणि दोन काळ यांची सरमिसळ केल्याचे हे फळ होय. निधींना वेगळी चिन्हे किंवा वेगळे रंग दिले असते तर हा दोष एका दृष्टिक्षेपात लक्षात आला असता. जमिनीत पडून आलेला गंज आणि नंतरची साफसफाई यांमुळेही प्रत्येक निधीतील वजने वेगळ्या रीतीने बदललेली असतात. म्हणून झिजेची तुलना आधी एकाच निधीच्या अंतर्गत केली पाहिजे.

चौथे पथ्य अनुपस्थित ठिपक्यांविषयीचे. आपल्यासमोर आलेली नाणी ही त्या काळच्या सर्व नाण्यांचा प्रामाणिक नमुना असतीलच असे नाही. फार झिजलेली नाणी चलनातून काढून वितळविली जातात आणि धन पुरून ठेवणारा माणूस शक्यतो जड नाणी निवडतो. आलेखाच्या उजव्या टोकाला दिसतात ती टिकून राहिलेली नाणी. त्यामुळे झिजेचा वेग प्रत्यक्षाहून कमी भासण्याचा संभव असतो. आलेख वाचताना ‘येथे काय नाही आणि का नाही’ हा प्रश्न विचारणे इतिहासकाराचे कर्तव्य ठरते.

पाचवे पथ्य रेषेच्या मर्यादेचे. समाश्रयण रेषा सामग्रीच्या व्याप्तीपुरतीच खरी असते. ती पुढे वाढवीत नेली तर कधी तरी नाण्याचे वजन शून्य होईल, असा हास्यास्पद निष्कर्ष निघतो. त्याचप्रमाणे वजनावरून नाण्यांच्या समूहांचा पूर्वापर क्रम सुचविता येतो, परंतु अमुक समूह अमुक राजाचा हे वजन सांगत नाही. कोसंबींनी नाण्यांच्या समूहांची विशिष्ट राजवंशांशी घातलेली सांगड वादग्रस्त ठरली, याचे कारण येथे शोधता येते. क्रम लावण्याचे त्यांचे साधन भक्कम होते. नाव देण्यासाठी मात्र त्यांना पुराणांतील वंशावळी आणि चिन्हांचा अर्थ यांकडे वळावे लागले, आणि तो पुरावा वेगळ्या प्रतीचा होता.

माणसांचे ठिपके : रिस्ले, घुर्ये, आंबेडकर आणि कर्वे

नाण्यांबाबत चूक झाली तर एखाद्या राजाचा काळ मागेपुढे होतो. माणसांबाबत चूक झाली तर तिचे परिणाम पिढ्यांना भोगावे लागतात. हर्बर्ट रिस्ले या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८९१ मध्ये बंगाल प्रांतातील जातिजमातींची शारीरिक मोजमापे प्रसिद्ध केली. नाकाची रुंदी आणि लांबी यांच्या गुणोत्तराची सरासरी प्रत्येक जातीसाठी काढून त्याने असा सिद्धांत मांडला की, जातीचे सामाजिक स्थान जसजसे उतरते तसतसा हा निर्देशांक वाढत जातो, आणि म्हणून जातिव्यवस्थेचे मूळ वंशभेदात आहे. पुढे १९०१ च्या जनगणनेची सूत्रे त्याच्याकडेच आली आणि तीत जातींची सामाजिक प्रतिष्ठेनुसार उतरंड लावण्याचा प्रयत्न झाला.

या मांडणीत वर सांगितलेली जवळजवळ सर्व पथ्ये मोडलेली दिसतात. प्रत्येक जातीसाठी एकच सरासरी ठिपका घेतल्याने त्या जातीतील व्यक्तींमधील प्रचंड तफावत अदृश्य झाली. सरासरींचा क्रम नीट लागला तरी दोन जातींतील व्यक्तींचे ठिपके मोठ्या प्रमाणात एकमेकांत मिसळलेले असू शकतात. तसेच ‘सामाजिक स्थान’ हे तराजूवर तोलता येणारे चल नाही. तो क्रम मोजणाऱ्यानेच, स्थानिक उच्चवर्णीयांना विचारून, ठरविलेला होता.

मालवणात जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पाया घालणारे गो. स. घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात ही मोजमापे प्रांतवार वेगळी करून तपासली. उत्तर हिंदुस्थानाच्या काही भागात रिस्लेच्या म्हणण्याशी जुळणारा क्रम दिसत असला तरी अन्य प्रांतांत तो टिकत नाही, असे त्यांना आढळले. मिसळलेले समूह वेगळे करताच सिद्धांत ढासळला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ मध्ये अस्पृश्यतेच्या उगमावरील आपल्या ग्रंथात घुर्ये यांनी दिलेल्या याच नासिका-निर्देशांकांचा आधार घेतला आणि ब्राह्मण व अस्पृश्य हे भिन्न वंशांचे आहेत हा समज या मोजमापांनीच खोटा ठरतो, असे दाखवून दिले. जे आकडे उतरंडीच्या समर्थनार्थ गोळा झाले होते, तेच आकडे नीट वाचले असता उतरंडीच्या विरोधात साक्ष देऊ लागले.

इरावती कर्वे यांचे कार्य याच परंपरेत पाहावे लागते. बर्लिन येथे ऑयगन फिशर या वंशवादी मानवशास्त्रज्ञाच्या हाताखाली प्रबंध लिहिताना त्यांनी कवट्यांच्या विषमतेचा अभ्यास केला आणि तिचा वंशाशी अपेक्षित संबंध आढळत नाही, असा निष्कर्ष मांडला. मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध जाणारे हे विधान त्या काळात करणे सोपे नव्हते. पुढे डेक्कन महाविद्यालयात असताना त्यांनी संख्याशास्त्रज्ञ व अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्यासह महाराष्ट्रातील मानवमितीय मोजमापांचा ग्रंथ १९५१ मध्ये प्रसिद्ध केला. एकाच नावाखाली मोडणाऱ्या जातिसमूहातील पोटजाती शारीरिक मोजमापांत एकमेकींपासून भिन्न असू शकतात, या त्यांच्या आग्रहाला अशा कामाची पार्श्वभूमी होती. कर्वे यांनीही मोजमाप हेच साधन वापरले. आज मानवी गटांच्या अशा शारीरिक मोजमापांचे शास्त्रीय मोल फार मर्यादित मानले जाते, हे खरे. परंतु मोठ्या नावाखालील समूह फोडून आतील विविधता दाखविणे, ही त्यांची दृष्टी आजही मार्गदर्शक आहे.

कारखाना, वर्ग आणि झीज

पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक परिसरात हा आलेख अपरिचित नाही. जपानी तज्ज्ञ काओरू इशिकावा यांनी कामगारांच्या गुणवत्ता मंडळांसाठी जी सात साधी साधने लोकप्रिय केली, त्यांत विकीर्ण आलेखाचा समावेश आहे. आपल्याकडे प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून गुणवत्ता नियंत्रणाचे जनक वॉल्टर शूहार्ट १९४७-४८ मध्ये भारतात आले होते. तेव्हापासून संख्याशास्त्रीय गुणवत्ता नियंत्रणाची चळवळ भारतीय कारखान्यांत रुजू लागली.

यंत्रशाळेतील उदाहरण घेतले तर कोसंबींचा तराजू आणि कारखान्याचा मायक्रोमीटर यांतील नाते स्पष्ट होते. एका टूलने किती जॉब कापले हे क्ष-अक्षावर आणि जॉबचा व्यास य-अक्षावर मांडला असता टूलच्या झिजेबरोबर व्यास एका दिशेने सरकताना दिसतो. दोन यंत्रांचे किंवा दोन पाळ्यांचे ठिपके एकाच चिन्हाने काढले, तर नाणेनिधींच्या सरमिसळीसारखीच फसगत होते. फरक इतकाच की, येथे चुकीच्या वाचनाचा दोष अनेकदा पाळीवरील कामगारावर येतो. यंत्राच्या किंवा मालाच्या दोषामुळे पसरलेले ठिपके एखाद्या माणसाच्या हयगयीचा पुरावा म्हणून वाचले जाणे ही रिस्लेच्याच चुकीची छोटी आवृत्ती होय.

वर्गातही याहून वेगळे घडत नाही. उपस्थिती आणि गुण, कौटुंबिक उत्पन्न आणि गुण, अशा जोड्या विद्यार्थी प्रकल्पांत हमखास येतात. संगणक क्षणार्धात रेषा काढून देतो आणि तिच्याशेजारी एक गुणकही छापतो. फ्रान्सिस ॲन्स्कोम्ब याने १९७३ मध्ये चार अशी संख्यासंचांची उदाहरणे दिली की, ज्यांच्या सरासऱ्या, प्रचरण, सहसंबंध गुणक आणि समाश्रयण रेषा जवळजवळ एकसारख्या आहेत, परंतु आलेख काढताच एक सरळ, एक वक्र, एक एका विक्षिप्त ठिपक्याने ओढलेला आणि एक जवळजवळ उभ्या रेषेत उभा असलेला दिसतो. गुणक पाहून थांबणारा विद्यार्थी या चारांतील भेद कधीच जाणू शकणार नाही. म्हणून अहवाल तपासताना रेषा झाकून आधी ठिपके पाहावयास सांगणे, विक्षिप्त ठिपका वगळण्यापूर्वी ती नोंद कोणाची व कशी झाली हे विचारणे, आणि मूळ सामग्री परिशिष्टात जोडण्याचा आग्रह धरणे, एवढ्या तीन गोष्टी जरी प्राध्यापकांनी नेमाने केल्या तरी मोठा फरक पडेल.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, विकीर्ण आलेख हे निष्कर्ष सजविण्याचे साधन नसून प्रश्न विचारण्याचे साधन आहे. हर्शेलने त्यातून सदोष निरीक्षणांमधील नियम शोधला, गाल्टनने वारशाचा प्रश्न विचारला, कोसंबींनी निनावी नाण्यांकडून काळाचा क्रम काढून घेतला. ज्ञात वस्तूंवर साधनाची आधी परीक्षा करणे, समूह वेगळे ठेवणे, मध्याबरोबर पसारा पाहणे, संबंधामागील तिसरे कारण शोधणे आणि साधनाला जे सांगता येत नाही ते त्याच्याकडून वदवून न घेणे, ही पथ्ये नाण्यांना लागू आहेत आणि माणसांना तर अधिकच लागू आहेत. रिस्लेच्या आकड्यांचे घुर्ये आणि आंबेडकर यांनी केलेले पुनर्वाचन असे दर्शविते की, आकड्यांच्या दुरुपयोगावर उपाय आकडे नाकारण्यात नाही, ते अधिक काळजीपूर्वक वाचण्यात आहे.

कोसंबी, घुर्ये, आंबेडकर, कर्वे आणि दांडेकर ही नावे आपल्या महाविद्यालयांत निरनिराळ्या विभागांच्या कपाटांत विभागली गेली आहेत. गणिताचा प्राध्यापक कोसंबींची नाणी शिकवीत नाही आणि इतिहासाचा प्राध्यापक समाश्रयण रेषा फळ्यावर काढीत नाही. पुणे-मुंबईच्या याच भूमीत घडलेले हे कार्य दोन्ही विभागांनी एकत्र बसून एका तासिकेत शिकविले, तर विद्यार्थ्यांना इतिहास आणि संख्याशास्त्र या दोहोंचेही मोल अधिक चांगले कळेल.